मानसशास्त्राचं जाहीर व्याख्यान: जिथे श्रोतेच प्रयोगाचा भाग असतात

विज्ञान महोत्सवात कृष्णविवरांवर व्याख्यान ठेवलं, तर सभागृहातल्या कुणीही कृष्णविवर जवळून पाहिलेलं नसतं. वक्ता सांगेल ते लोक कुतूहलानं ऐकतात आणि बहुतेक वेळा मान्यही करतात. स्मरणशक्ती, भीती, झोप, व्यसन, मुलांचं शिकणं असा विषय असला की चित्र पालटतं. इथे प्रत्येक श्रोत्याकडे आयुष्यभराचा अनुभव असतो आणि त्यातून बनलेली पक्की मतं असतात. काहींच्या मनात त्याच विषयाची जखम अजून ओली असते.

म्हणून असं व्याख्यान ठरवताना वक्ता आणि सभागृह यांच्याही आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं: लोकांनी इथून काय घेऊन जावं? मनाबद्दलची चटकदार विधानं समाजमाध्यमांवर रोज फुकट मिळतात. विज्ञान महोत्सवात मिळायला हवा तो तपासण्याचा अनुभव. मनाबद्दलचं एखादं विधान खरं आहे की नाही हे शास्त्रज्ञ कसं ठरवतात, ते श्रोत्यांना खुर्चीत बसल्या बसल्या करून पाहता यायला हवं. माझ्या मते मानसशास्त्राला विज्ञान महोत्सवात जागा मिळते ती एवढ्याच कारणासाठी, आणि आयोजनातला प्रत्येक छोटा निर्णय या कसोटीवर घासून पाहावा.

या विषयाची सुरुवातीलाच एक अडचण असते. मानसशास्त्र म्हटलं की अनेकांना समुपदेशन आठवतं, काहींना चेहरा पाहून स्वभाव सांगणं आठवतं. पण विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे ठोका ऐकल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ लागतो, यासारख्या गोष्टी उपकरणांनी मोजत असत. आजही संशोधक मानसशास्त्रज्ञाचं काम बरंचसं मोजण्याचं, तुलना करण्याचं आणि शंका घेण्याचं असतं. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि उपचारपद्धती यांच्या आधारे रुग्णांबरोबर काम करतात. स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्या व्यक्तीनं मात्र कदाचित एकाही रुग्णावर उपचार केलेले नसतील. आपल्यासमोर यांपैकी कोण उभं आहे, हे सूत्रसंचालकानं पहिल्या दोन मिनिटांत स्पष्ट सांगावं. तेवढ्यानं पुढचे बरेच गैरसमज टळतात.

लोकांना प्रदर्शनात बोलावून त्यांचीच मापं घ्यायची, ही कल्पना नवी नाही. १८८४ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी मोजमापाचं दालन मांडलं होतं. तीन पेन्स देऊन लोक आत जात, नजर, ऐकण्याची क्षमता, हाताची ताकद, प्रतिसादाचा वेग वगैरे मोजून घेत आणि आपल्या आकड्यांचं कार्ड घेऊन बाहेर पडत. नऊ हजारांहून अधिक लोकांची मापं तिथे घेतली गेली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही जोसेफ जॅस्ट्रो यांनी पाहुण्यांसाठी अशाच चाचण्या ठेवल्या होत्या. लोकांना स्वतःबद्दल जाणून घ्यायची ओढ किती असते, हे तेव्हाच दिसलं होतं. पण ज्या गाल्टननी हे दालन उभारलं, त्यांनीच आदल्या वर्षी 'युजेनिक्स' हा शब्द घडवला होता. माणसांची जन्मजात उच्च आणि हीन अशी प्रतवारी लावायचा विचार त्यामागे होता, आणि पुढच्या काळात त्या विचारानं भयंकर अन्याय घडवले. श्रोत्यांना मोजायचं असेल, तर ते त्यांची प्रतवारी लावण्यासाठी नाही हे आयोजकांनी स्वतःशी पक्कं करायला हवं. 'तुमचा बुद्ध्यांक पाच मिनिटांत' असा स्टॉल म्हणूनच मला कुठल्याही विज्ञान महोत्सवात नको वाटतो.

विषय नको, प्रश्न हवा

'मेंदूची अद्भुत रहस्यं' या मथळ्याखाली काहीही सांगता येतं, आणि म्हणूनच तिथे काहीच नीट सांगून होत नाही. 'डोळ्यांदेखत घडलेलं आपल्याला किती बरोबर आठवतं?' हा प्रश्न आहे. 'परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं इतक्या लवकर का विसरतं?' हाही प्रश्नच आहे. प्रश्नाला उत्तर असतं, उत्तराला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हटलं की प्रयोग आलाच. चाळीस मिनिटांत असा एकच प्रश्न मावतो. वक्त्याकडून आधी मजकूर मागवावा आणि त्यातलं मुख्य विधान एका वाक्यात लिहून द्यायला सांगावं. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर व्याख्यान अजून तयार झालेलं नाही.

पत्रिकेतला मजकूर आयोजकांनी स्वतः तपासावा. 'चिंतेवर कायमचा विजय', 'व्यक्तिमत्त्व बदलणारं एक तंत्र' असली वाक्यं उपचाराचं आश्वासन देतात. ती वाचून एखादा त्रासलेला माणूस मोठ्या आशेनं येईल, आणि व्याख्यानातून त्याला ते मिळणार नाही. गर्दी जमवण्यासाठी हे करणं अन्यायाचं आहे.

सभागृहात करता येणारे प्रयोग

इतर विज्ञानांच्या प्रात्यक्षिकांना उपकरणं लागतात. इथे सगळं साहित्य खुर्च्यांवर बसलेलं असतं. त्याचा उपयोग कसा करायचा, ते एका सोप्या प्रयोगावरून पाहू.

वक्ता सावकाश, दर दोन सेकंदांना एक याप्रमाणे बारा शब्द वाचतो: पलंग, उशी, पांघरूण, रात्र, स्वप्न, जांभई, थकवा, घोरणं, अंगाई, डुलकी, गादी, विश्रांती. मग मिनिटभर दुसरंच काहीतरी करायला लावतो, उदाहरणार्थ शंभरातून सात-सात वजा करत जाणं. त्यानंतर तीन शब्द विचारतो. यादीत 'उशी' होती का? 'तराजू' होता का? 'झोप' होती का?

'उशी' बहुतेकांना आठवते. 'तराजू' जवळपास कुणाला आठवत नाही. 'झोप' मात्र अनेकांना अगदी खात्रीनं ऐकल्यासारखी वाटते, आणि ती यादीत नाही. जेम्स डीझ यांनी १९५९ मध्ये या प्रकारच्या याद्या वापरल्या होत्या. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये त्यांवर नवे प्रयोग केले, तेव्हा न वाचलेला नेमका शब्द लोकांनी साधारण निम्म्या वेळा 'ऐकला होता' म्हणून लिहिला. आठवण म्हणजे साठवलेलं जसंच्या तसं बाहेर काढणं, ही समजूत इथे डळमळते. मन अर्थ साठवतं आणि आठवताना त्या अर्थावरून शब्द पुन्हा रचतं.

बरेच वक्ते 'झोप' या शब्दाशी थांबतात. लोक हसतात, टाळ्या वाजतात. माझ्या मते 'तराजू' हा शब्द जास्त मोलाचा आहे. तो नसता, तर एखादा श्रोता म्हणू शकला असता की लोक सवयीनं सगळ्यालाच 'हो' म्हणतात. 'तराजू'ला लोक 'नाही' म्हणतात, म्हणून ती शंका मिटते. तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेल्या अशा गोष्टीला संशोधक नियंत्रण म्हणतात. वक्त्यानं हा मुद्दा दोन मिनिटं थांबून उलगडला, तर श्रोत्याला गंमत कळते आणि त्याबरोबर विज्ञानाचं एक मूळ तत्त्वही हाताला लागतं. मराठी याद्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी: त्या आधी वीस-तीस लोकांवर करून पाहाव्यात. कुठला शब्द ऐकल्यावर कुठला शब्द मनात येतो, हे भाषेप्रमाणे बदलतं.

आता हात वर करायला सांगण्याबद्दल. 'ज्यांना झोप शब्द आठवतो त्यांनी हात वर करा' म्हटलं, की लोक क्षणभर आजूबाजूला पाहतात. मग पुढच्या रांगेचे हात वर गेले तर मागचेही जातात. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीचा साधा प्रयोग केला होता. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. ज्या फेऱ्यांत असं घडे, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश वेळा खरा सहभागी डोळ्यांसमोरची रेषा नाकारून त्यांच्याच बाजूनं गेला. आपल्या सभागृहातही हेच दडपण काम करतं. म्हणून उत्तर आधी कागदावर लिहून घ्यावं, किंवा दोन रंगांची कार्डं देऊन ती 'तीन' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करावीत. हे का केलं, तेही श्रोत्यांना सांगावं. पद्धतीतली ही काळजी हाच व्याख्यानाचा विषय आहे.

गटांची तुलना करायची असेल, तर आणखी रंगत येते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात गाड्या जोरात आदळल्याचं क्रियापद होतं तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा जास्त आला. गाड्या एकमेकींना नुसत्या लागल्याचं क्रियापद होतं तेव्हा तो ३१.८ मैल आला. फिती त्याच, प्रश्नातलं एक क्रियापद वेगळं. सभागृहात हे करताना दोन प्रकारच्या चिठ्ठ्या लागतात. सोपा मार्ग म्हणजे डाव्या बाजूला एक चिठ्ठी आणि उजव्या बाजूला दुसरी. हा मार्ग चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते सांगण्यासारखं आहे. लोक सभागृहात वाटेल तसे बसत नाहीत. मित्र एकत्र बसतात, शाळेचा गट एका बाजूला असतो, उशिरा आलेले दाराजवळ असतात. मग दोन बाजूंच्या उत्तरांत फरक आला, तर तो शब्दामुळे की बसणाऱ्यांमुळे हे कळायचा मार्ग उरत नाही. चिठ्ठ्या आधीच पिसून, प्रवेशद्वाराशी एकेक वाटल्या, तर कुणाला कुठली मिळेल हे केवळ योगायोगानं ठरतं, आणि दोन्ही गट मोठे असतील तर बाकी बाबतींत सारखेच असण्याची शक्यता वाढते. औषधांच्या चाचण्याही याच तत्त्वावर उभ्या असतात. पत्ते पिसण्याइतकं साधं हे काम आहे, पण त्याचं कारण ज्याला एकदा कळलं, तो पुढे वर्तमानपत्रातली 'अमुक खाणाऱ्यांना तमुक होत नाही' ही बातमी वेगळ्या नजरेनं वाचतो.

सभागृहाचा आकारही प्रयोगाच्या निकालात लुडबूड करतो. समजा, एखादी गोष्ट सर्वसाधारण लोकांपैकी निम्म्यांच्या लक्षात येते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध प्रयोगात असंच झालं होतं. चेंडूचे झेल मोजण्यात गुंतलेल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. आता तुमच्या खोलीत दहाच लोक असतील, तर त्यांपैकी सात किंवा जास्त जणांच्या तो लक्षात येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. म्हणजे साधारण सहा कार्यक्रमांत एकदा तुमचं प्रात्यक्षिक फसल्यासारखं दिसेल. शंभर लोक असतील, तर सत्तर किंवा जास्त जणांच्या लक्षात येण्याची शक्यता लाखात चार इतकी खाली येते. छोट्या नमुन्यात आकडे उड्या मारतात, मोठ्या नमुन्यात स्थिरावतात. हे गणित सभागृहात मांडणं मला फार आवडतं, कारण 'मी दहा जणांना विचारलं, सगळे हेच म्हणाले' या रोजच्या युक्तिवादाचं दुबळेपण त्यातून आपोआप दिसतं. गोरिलाची फीत मात्र आता वापरू नये, ती फार जणांनी पाहिलेली असते.

रंगांच्या नावांचा स्ट्रूपचा प्रयोगही सोपा आहे. 'निळा' हा शब्द पिवळ्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग मोठ्यानं सांगायला लावायचा. जीभ अडखळते, कारण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी हे १९३५ मध्ये दाखवलं. अजून वाचता न येणारं लहान मूल इथे अडखळत नाही, आणि सभागृहातल्या मुलांना ही गोष्ट विशेष आवडते. लाल-हिरव्याची जोडी टाळावी, कारण ते दोन रंग वेगळे न दिसणारे काहीजण, त्यातही पुरुष, मोठ्या सभागृहात हमखास असतात.

ज्या प्रात्यक्षिकात श्रोत्यांना थोडं फसवावं लागतं, त्याला माझे दोन नियम आहेत. सत्य त्याच बैठकीत, लगेच सांगायचं. आणि कुणाही एकाला मंचावर बोलावून चुकायला लावायचं नाही. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या चाचणीवरून काढलेलं व्यक्तिमत्त्वाचं वर्णन' दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळलं की सगळ्यांच्या हातात तोच मजकूर होता, आणि तो बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. हा प्रयोग सभागृहात अप्रतिम चालतो, कारण सगळेच एकत्र फसतात आणि एकट्याला लाज वाटत नाही. वक्त्यानं श्रद्धेची टिंगल करू नये. मोघम वाक्यांत प्रत्येकाला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, एवढंच दाखवावं. पुढचा विचार लोक स्वतः करतात.

हे सगळं होतं प्रात्यक्षिकापुरतं. श्रोत्यांची उत्तरं साठवून पुढे संशोधनात वापरायची असतील, तर गोष्ट बदलते. मग संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी, लेखी संमती, मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि केव्हाही माघार घ्यायची मुभा, हे सगळं लागतं. महोत्सवाच्या धामधुमीत 'माहिती गोळा करूनच घेऊ' असा मोह होतो. तो आवरावा.

जे आता तसंच सांगता येत नाही

वक्त्याची निवड करताना त्याचं बोलणं किती रंगतदार आहे, याआधी एक गोष्ट पाहावी: गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयात जी उलथापालथ झाली, तिची त्याला जाण आहे का?

२०१५ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून नामांकित नियतकालिकांतले मानसशास्त्राचे १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के अभ्यासांनी 'योगायोग म्हणता येणार नाही' असा निकाल नोंदवला होता. पुन्हा करताना तसा निकाल ३६ टक्क्यांतच आला. यावरून मानसशास्त्र खोटं ठरत नाही. नमुने लहान होते, नाट्यमय निकालच छापण्याची पद्धत होती, आणि आकडेमोडीच्या अनेक वाटांपैकी सोयीची वाट निवडायला मोकळीक होती. आता पुष्कळ संशोधक प्रयोगाआधीच आपलं गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवतात, आणि अनेक प्रयोगशाळा मिळून तोच प्रयोग करतात. स्वतःच्या चुका शोधून चव्हाट्यावर मांडणारं शास्त्र मला जास्त विश्वासाचं वाटतं, आणि श्रोत्यांनाही तसंच वाटतं, फक्त ते त्यांच्यापासून लपवू नये.

जाहीर भाषणांत अजूनही ऐकू येणाऱ्या काही गोष्टी या प्रकाशात पाहायला हव्यात. इच्छाशक्ती वापरली की संपते, ही कल्पना घ्या. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर ती तपासली, तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. छाती ताणून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, असं सांगणाऱ्या २०१० च्या अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६ मध्ये आपला या परिणामावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. समोरची गोळी लगेच न खाता जास्तीच्या बक्षिसासाठी थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, ही गोष्टही २०१८ च्या मोठ्या अभ्यासात बरीच फिकी पडली. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची क्षमता हिशेबात धरली, की तो संबंध जेमतेम उरतो. पालकांसमोर बोलताना हे सांगणं मला अत्यंत गरजेचं वाटतं. नाहीतर गरिबीमुळे जे घडतं त्याचं खापर मुलाच्या 'संयमावर' फोडलं जातं.

प्रत्येकाची दृश्य, श्राव्य किंवा कृतीची अशी ठरावीक शिकण्याची शैली असते आणि तिच्याप्रमाणेच शिकवावं, या दाव्याचीही तीच गत. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा त्याला पुरेसा पुरावा आढळला नाही. 'आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो' हे तर धडधडीत खोटं आहे.

वक्त्याला आधी भेटून एक प्रश्न जरूर विचारावा: 'तुम्ही जे सांगणार आहात, ते चुकीचं असल्याचं तुम्हाला कशामुळे पटेल?' चांगला संशोधक या प्रश्नावर खुलतो. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याचं व्याख्यान प्रेरणादायी असेलही, पण ते दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात शोभेल.

श्रोत्यांची काळजी

दोनशे लोकांच्या सभागृहात नैराश्य, आघात, व्यसन किंवा आत्महत्या या विषयांची झळ लागलेलं कुणी नसेल असं मुळीच धरून चालू नये. विषय टाळायला हवेत असं मला वाटत नाही. उलट, मोकळेपणानं आणि माहितीपूर्ण बोललं गेलं तर मदत मागणं सोपं होतं. पण तयारी हवी.

पत्रिकेत आणि सुरुवातीला विषय स्पष्ट सांगावा आणि मधून उठून जायला कुणाला संकोच वाटू नये अशी व्यवस्था करावी. दार मागच्या बाजूला हवं, रांगांमध्ये जागा हवी, आणि बाहेर एक शांत खोली हवी. तिथे प्रशिक्षित समुपदेशक बसलेला असावा. स्वयंसेवक कितीही प्रेमळ असला तरी तो त्याला पर्याय ठरत नाही. स्वयंसेवकांना इतकंच शिकवावं की कुणी रडताना दिसलं तर सल्ला न देता जवळ थांबायचं, पाणी हवं का विचारायचं आणि समुपदेशकाकडे न्यायचं.

आत्महत्येबद्दल बोलताना जागतिक आरोग्य संघटनेनं माध्यमांसाठी दिलेली तत्त्वं मंचावरही लागू करावीत: पद्धतीचं वर्णन नको, एकाच कारणावर बोट ठेवणं नको, गौरव नको, आणि मदत कुठे मिळेल ते ठळक हवं. संकटातून सावरलेल्या माणसांच्या कहाण्यांचा उपयोग होतो, असं २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांच्या अभ्यासात दिसलं होतं. ज्या लेखांत आत्महत्येचा विचार मनात येऊनही माणूस कसा सावरला हे होतं, त्यांच्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी आढळलं. मदतीचा दूरध्वनी क्रमांक शेवटच्या स्लाइडवर पाच सेकंद दाखवून भागत नाही. तो प्रत्येकाच्या हातातल्या पत्रिकेवर छापावा, म्हणजे तो घेताना कुणाच्या नजरेत यावं लागत नाही.

वरच्या टकरीच्या प्रयोगातही हीच नजर ठेवावी. खऱ्या अपघाताची फीत दाखवू नये. खेळण्यातल्या गाड्यांची फीत घेतली तरी शब्दांचा परिणाम तपासता येतो.

प्रश्नोत्तरं

मानसशास्त्राच्या व्याख्यानात प्रश्नोत्तरांना इतर व्याख्यानांपेक्षा दुप्पट वेळ ठेवावा. आणि ती चिठ्ठ्यांवर घ्यावीत. माईक फिरवला की धीट माणसंच बोलतात, आणि कधीकधी एखादी व्यक्ती भावनेच्या भरात घरातल्या माणसाबद्दल असं काही बोलून जाते की नंतर तिला पश्चात्ताप होतो. चिठ्ठीवर नाव नसतं. सूत्रसंचालक त्या चाळून सारख्या प्रश्नांना एकत्र करू शकतो, आणि लाजऱ्या विद्यार्थ्याचा उत्तम प्रश्नही वर येतो.

'माझा मुलगा असं वागतो, त्याला काय झालंय?' हा प्रश्न येणारच. मंचावरून निदान करायचं नाही, हे वक्त्याशी आधी ठरवलेलं असावं. न पाहिलेल्या माणसाचं निदान दोन ओळींवरून होत नाही. पण 'हे मी सांगू शकत नाही' म्हणून पुढच्या चिठ्ठीकडे वळणंही बरं नाही. अशा वागण्याची कारणं अनेक असू शकतात, कुठली लक्षणं दिसली तर वाट न पाहता तज्ज्ञाकडे जावं आणि कुठल्या प्रकारच्या तज्ज्ञाकडे जावं, एवढं सर्वांसाठी सांगता येतं. विचारणाऱ्याला ते पुरेसं नसतं, पण एक दिशा मिळते.

दुसरा हमखास प्रश्न एखाद्या नेत्याच्या किंवा अभिनेत्याच्या मनाबद्दल असतो. १९६४ मध्ये अमेरिकेत एका मासिकानं अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक स्थितीवर मानसोपचारतज्ज्ञांची मतं मागवून छापली. गोल्डवॉटर यांनी मासिकावर बदनामीचा खटला भरला आणि तो जिंकला. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम केला: स्वतः तपासलं नसेल आणि त्या व्यक्तीची परवानगी नसेल, तर जाहीर मत द्यायचं नाही. ही हकीकत सांगितली की श्रोत्यांना नकाराचं कारण पटतं.

काय उरलं, ते कसं कळणार?

'कार्यक्रम आवडला का?' या प्रश्नाला लोक सौजन्यानं 'हो' म्हणतात. त्यापेक्षा मानसशास्त्राचंच एक ज्ञान इथे वापरता येतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्यानं मात्र आठवून लिहिलेल्या उताऱ्यातला सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता आणि पुन्हा वाचलेल्यातला ४२ टक्के. म्हणून व्याख्यानाच्या मध्यावर तीन मिनिटं थांबावं आणि आतापर्यंतचा मुख्य मुद्दा शेजारच्याला सांगायला लावावा. त्यामुळे गलका होतो, आणि तो होऊ द्यावा.

शेवटी हातात कोरा कागद देऊन दोन गोष्टी लिहायला सांगाव्यात: घरी गेल्यावर कुणाला काय सांगाल, आणि आज ऐकलेल्यातलं काय तुम्हाला अजून पटलेलं नाही. पहिल्या उत्तरात वक्त्याचं ते एका वाक्यातलं विधान सापडतं का, ते पाहावं. 'झोप' शब्दाची गंमतच सगळ्यांनी लिहिली आणि 'तराजू' कुणीच लिहिला नाही, तर पुढच्या वेळी तो भाग वेगळ्या पद्धतीनं मांडायला हवा. दुसऱ्या उत्तरांचा गठ्ठा वक्त्याला द्यावा. न पटलेल्या गोष्टी आणि वेळेअभावी उरलेल्या चिठ्ठ्या यांतून पुढच्या वर्षीचे प्रश्न निवडता येतात, आणि ते श्रोत्यांनी स्वतः विचारलेले असतात.